नाण्याचे गाव

यवतमाळला कोणी मुद्दाम येत नाही. ज्यांची बदली होते ते येतात, ज्यांची लेक इथे दिली आहे ते येतात आणि हंगामात कापसाचे व्यापारी येतात. बाकीच्यांना हा जिल्हा नकाशावरच ठाऊक. इथे समुद्र नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. उन्हाळ्यात तर हवेचे नावच काढू नये. कळंबचा चिंतामणी, वणीची जत्रा आणि मूर्तिजापूरकडे कापूस वाहता वाहता म्हातारी होऊन बंद पडलेली शकुंतला आगगाडी, एवढे सांगून झाले की प्रवासवर्णन लिहिणाऱ्याची लेखणी अडखळते. म्हणून गेल्या वर्षी मी हा जिल्हा निराळ्या वाटेने पाहायचे ठरवले. ती वाट जुन्या नाण्यांची.

मी मराठीचा अध्यापक. माझा नाण्यांशी संबंध महिन्याच्या एक तारखेपुरता. पण शब्दांच्या मागे लागलेला माणूस केव्हा तरी नाण्यांपाशी येऊन पोचतोच. दमडी, कवडी, छदाम ही मंडळी बाजारातून केव्हाच उठून गेली, भाषेतून मात्र हलायला तयार नाहीत. पैन् पैचा हिशेब आपण आजही मागतो; पै कशी असते ते आपल्या मुलांनी पाहिलेले नसते. ‘नावाला बट्टा लागला’ असे म्हणतो. पण बट्टा म्हणजे मुळात एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवताना सराफ कापून घेई ती रक्कम. पोतदार हे आडनाव नाणी पारखणाऱ्या अंमलदाराचे. हे सारे वर्गात रंगवून सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, दमडी पाह्यली काय तुमी?” वर्ग हसला, मीही हसलो आणि त्याच संध्याकाळी सराफ्यात गेलो.

आमच्या सराफ्यात एक जुने दुकान आहे. मालकांना सारे गाव शेठजी म्हणते. इथेही तेवढेच नाव पुरे. दर्शनी भागात जोडवी, पैंजण आणि करंडे. आतल्या लाकडी कपाटात जुन्या नाण्यांच्या पुरचुंड्या. कपाटावर चौकटीत घातलेला सरकारी परवाना. शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यांचा व्यापार करायचा तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि असे नाणे परदेशी पाठवायला खाजगी माणसाला मनाई आहे. शेठजी सत्तरीच्या पुढचे. रुपया हाती आला की आधी तो नखावर उडवून त्याचा आवाज ऐकतात, मग काट्यावर टाकतात आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी पाहतात.

त्या दुकानात हमखास भेटणारे दुसरे गृहस्थ म्हणजे आमचे मास्तर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षे नाणी जमवीत आले आहेत. ते नाणे आधी डोळ्यांनी पाहतात, मग भिंगातून पाहतात, मग घरी नेऊन पुन्हा भिंगातून पाहतात. वजन करायचे त्यांच्या लक्षातच राहत नाही. एक व्यापारी, एक शौकीन. दोघांची तीस वर्षांची मैत्री आणि तितक्याच वर्षांचे भांडण.

भांडणाचे मूळ साधे आहे. नाणे समोर आले की शेठजी विचारतात, “केवढ्याले?” मास्तर विचारतात, “कोणत्या सालचे?” मास्तरांच्या वहीत सालवार रकाने आखलेले आहेत आणि रिकामा रकाना त्यांना रात्री झोपू देत नाही. पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया मिळाला तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते. त्या रुपयावर राजाच्या झग्यात एक लहानसा हत्ती कोरलेला आहे. पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला आणि सरकारने रुपया मागे घेतला. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सातेक लाखच लोकांच्या हाती गेले होते, उरलेले वितळवले. पुढच्या सालापासून हत्तीला नीट सोंड फुटली. मास्तर ही गोष्ट सांगू लागले की त्यांना दुपारच्या चहाचीही शुद्ध राहत नाही. शेठजी शांतपणे म्हणतात, “गुरुजी, असे डुकराचे मी चौदा विकले. तुमाले एकच रुपया लागते. मले चौदा गिऱ्हाइकं लागते.”

शौकिनाला वाटते, व्यापारी लुटतो. व्यापाऱ्याला वाटते, शौकीन फुकट वेळ खातो. शेठजींची बाजूही ऐकण्यासारखी आहे. पुरचुंडी घ्यावी तेव्हा ती सगळी घ्यावी लागते. तिच्यात विकाऊ नाणी मूठभर, बाकीचा गाळ. पैसा वर्षानुवर्षे कपाटात अडकून पडतो. खोटे नाणे गळ्यात पडले तर नुकसान त्यांचे. शिवाय व्यापाऱ्याला आवडनिवड परवडत नाही. मास्तर आपली नाणी जन्मभर विकणार नाहीत. शेठजींनी एखादे नाणे असे धरून ठेवले तर दुकान चालायचे नाही.

आणि व्यापारी नसता तर नाण्याचे काय झाले असते? याचे उत्तर मुशीत आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० साली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नाही, तो निकेलचा. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हा साध्या व्हिक्टोरिया रुपयातली नुसती चांदीच हजाराच्या पुढे गेली. दुर्मिळ सालाला शौकीन जास्त देईल. पण सर्वसाधारण सालाच्या रुपयाला धातूपेक्षा अधिक मोल कोण देणार? असे रुपये निमूटपणे मुशीत उतरतात आणि पैंजण होऊन बाहेर येतात. शेठजी तेवढे निवडून बाजूला ठेवतात म्हणूनच मास्तरांच्या वहीतले रकाने भरतात.

दिवाळीच्या सुटीत मास्तरांना घेऊन एसटीने निघालो. दारव्हा, दिग्रस, पुसद करीत उमरखेडपर्यंत जायचे होते. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मध्ये खड्डे चुकवीत चाललेली आमची लाल गाडी. दिग्रसच्या पुढे एका तांड्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. त्याच्या आजीला सारा तांडा याडी म्हणतो, म्हणून आम्हीही याडीच म्हटले. याडीने पेटीतून रुपयांचा हार काढला. सतरा रुपये, प्रत्येकाला डाख देऊन कडी बसवलेली. मास्तरांचा चेहरा उतरला. डाख लागलेले नाणे शौकिनाच्या लेखी बाद. शेठजी असते तर त्यांनी हार सरळ काट्यावर ठेवला असता. पण याडीचा हिशेब दोघांहून वेगळा निघाला. तिने एकेका रुपयावर बोट ठेवून सांगितले: हा बापाने दिला, हा सासऱ्याने, हे दोन पहिल्या कापसाच्या पैशातून घेतले, हा थोरल्याच्या बारशाचा. सालाशी तिला कर्तव्य नव्हते. राणी आणि राजा एवढेच ती ओळखत होती. मास्तरांनी शिस्तीने टिपून घेतले: महाराणी व्हिक्टोरिया एक, सम्राज्ञी व्हिक्टोरिया चार, एडवर्ड तीन, जॉर्ज नऊ. तांड्याचे नाव मात्र त्या टिपणात नव्हते.

उमरखेडला गेलो आणि शब्दकोशातला बट्टा प्रत्यक्ष भेटला. पैनगंगा ही आमच्या जिल्ह्याची दक्षिणेकडची हद्द. वऱ्हाड मूळचा निजामाचा. १८५३ साली त्याने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने दिला. त्यामुळे नदीच्या अलीकडे इंग्रजी कलदार रुपया आणि पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, निजामाचा हाली रुपया. हाली वजनाला हलका आणि चांदीलाही उणा. सहा कलदारांना सात हाली असा भाव. म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. उमरखेडच्या एका वृद्ध कापडवाल्यांना हा आकडा अजून पाठ होता. लहानपणी वडिलांबरोबर पलीकडच्या बाजाराला जाताना तो घोकून घ्यावा लागे, नाही तर सराफ फसवी.

त्यांच्या डब्यात हाली होतेच. चारमिनारचे चित्र, आणि चारमिनारच्या दारात एकच उर्दू अक्षर. मास्तरांनी भिंग माझ्या हाती दिले. दारात ‘मीम’ असेल तर रुपया सहाव्या निजामाचा, मीर महबूब अली खानाचा. ‘ऐन’ असेल तर सातव्याचा, मीर उस्मान अली खानाचा. एवढ्याशा दारात एवढा मोठा राजा बसवलेला पाहून मौज वाटली. वृद्धांनी दोन हाली मास्तरांना देऊ केले. मास्तरांनी किंमत विचारली, तेव्हा ते म्हणाले, “किंमत कशाची? नदीपलीकडे दुकान होतं तेव्हाचे आहेत. आता दुकानही नाही आणि नदीपलीकडे दुसरं राज्यही नाही.” मास्तर हरखले. परतीच्या गाडीत ते दोन्ही रुपये पुन्हा पुन्हा उलटून पाहत होते.

मी त्यांना विचारले, “गुरुजी, तुमच्याकडच्या शिवराया कुठल्या?” त्यांच्याकडे तांब्याच्या पन्नासेक शिवराया आहेत, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि पेशवाईत पडलेल्या दुदांडीसुद्धा. ते म्हणाले, “शेठजींकडच्या.” “त्याच्या आधी?” मास्तर खिडकीतून बाहेर पाहू लागले.

हा प्रश्न वाटतो तेवढा रिकामा नाही. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळा नावाचे गाव आहे. तिथे १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा निघाला. नाणी मिश्रधातूची, मुशीत घातली असती तर कवडीमोल. पण महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा पुराणांतल्या वंशावळीत नसलेले राजे बोलू लागले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीची १३,००० हून अधिक नाणी निघाली. ती नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव करून त्याचा खजिना आपल्या नावाने चालवला, ही गोष्ट त्या साठ्याने सांगितली. हाच साठा चार सराफांत वाटला गेला असता तर? प्रत्येक नाणे सुटेपणी खरेच राहिले असते, पण गोष्ट हरवली असती.

आणि साठे वाटले जातात ते उगीच नव्हे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. सरकारने ते ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावे, अशी त्या मूळ कायद्यातली तरतूद. सोन्याच्या हंड्याला ती ठीक. तांब्याच्या गाडग्याला धातूची किंमत ती काय असणार! नांगराला गाडगे लागलेला शेतकरी बँकेचा हप्ता डोळ्यांपुढे आणतो आणि गप्प बसतो. दलाल भलत्याच गावाचे नाव सांगतो. दुकानदार विचारीत नाही आणि शौकिनाला रकाना भरल्याशी काम. नाणे हातोहात पुढे जाते, गाव वाटेत गळून पडते. राजाचे नाव नाण्यावर कोरलेले असते, ते कोणीही केव्हाही वाचील. गावाचे नाव कुठेच कोरलेले नसते. ते त्याच दिवशी कोणी लिहिले तर उरते.

गावी परतल्यावर एका दुपारी शेठजींच्या दुकानात बसलो होतो. एक तरुण घाईघाईने आला आणि त्याने रुमालातून एक नाणे काढले. १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि पाठीवर राम-सीता-लक्ष्मण. याला लाखो रुपये येतात असे त्याने मोबाइलवर पाहिले होते. ‘नोंदणी’साठी आधी काही हजार भरायचे होते. शेठजींनी त्याला पाणी दिले, चहा दिला आणि समजावले की कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. हे देवाच्या नावाने पुढे केलेले खोटे पितळ आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते तेही सांगितले: बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कसली फी घेत नाही आणि कोणाला आपल्या नावाने घेऊही देत नाही. पोरगा हिरमुसला. शेठजींनी विचारले, “कोणत्या गावचा तू?” त्याने सांगितले. तो गेल्यावर शेठजींनी गादीखालून लाल कापडाच्या बांधणीची लांबट चोपडी काढली आणि पाने चाळू लागले. “याच्या गावातून मागं बी असंच आलं होतं,” ते म्हणाले. “कोनीतरी विकून राह्यला तिकडं.”

मी चोपडीत डोकावलो आणि तिथेच खिळलो. तारीख, गाव, माणसाचे नाव, जिन्नस, वजन. शेठजींच्या वडिलांच्या काळापासूनची नोंद. आर्णी: हार मोड, कलदार ११, हाली २. मुळावा: हाली ४०. वणी: नागपुरी रुपये ६. दारव्हा: शिवराई, ढब्बू, मिळून दीड शेर. पानांमागून पाने.

“हे कायले लिहिता, शेठजी?” मी त्यांच्याच बोलीत विचारले.

“धंद्याची गोष्ट हाय, सर. कोन्या गावात कोनता माल हाये ते ठाऊक नसलं, त खरेदी कशी कराव?”

व्यापाऱ्याच्या व्यवहारी डोक्यातून जिल्ह्याचा नकाशा उमटला होता. पैनगंगेच्या काठाने, उमरखेड-महागावकडे, हाली दाट. दारव्ह्याकडे येता येता विरळ. वर्धा नदीच्या बाजूला, वणीकडे, नागपूरकर भोसल्यांचे रुपये. नाव मोगल बादशहाचे, टांकसाळ भोसल्यांची. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. त्यांचा रुपया मात्र लोकांच्या पेट्यांत राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना ओढून नेले. त्यांनी चष्मा पुसून तासभर चोपडी वाचली. मग म्हणाले, “शेठजी, माझ्या चाळीस वर्षांच्या वह्यांत एकाही नाण्याला गाव नाही. याची नक्कल करू द्या.”

शेठजींनी चोपडी मिटली. “नाही गुरुजी.”

मला वाटले, धंद्यातले गुपित. पण कारण निराळे होते. त्यांनी १९७२ चे पान उघडून दाखवले. दुष्काळाचे वर्ष. इतर वर्षी महिन्याला पान भरे, तिथे आठवड्याला भरलेले. हार मोड, गोठ मोड, हार मोड. “लोकायनं अडचनीत मोडलेले दागिने हायेत हे. त्याह्यचे नातू आता माह्यापाशी लग्नाची खरेदी करतेत. आज्यानं काय इकलं ते चव्हाट्यावर कायले आनाव?”

मास्तर काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. नाण्याच्या मागे गाव असते हे आम्हांला कळले होते. गावामागे घर असते आणि घराची अब्रू असते, हे व्यापाऱ्याने जपले होते. शौकिनाला वस्तूचा लोभ असतो, अभ्यासकाला माहितीचा असतो. दोन्ही लोभ एकाच जातीचे.

शेवटी तोड निघाली ती मास्तरांनीच काढली. तारीख, गाव, नाणे आणि वजन एवढेच उतरवायचे. माणसाच्या नावाचा रकाना कागदाच्या पट्टीने झाकून ठेवायचा. शेठजींनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. त्यांच्या मुलाला या चोपड्यांचे काही वाटत नाही. तो हिशेब संगणकावर ठेवतो आणि संगणकात गावाचा रकाना नाही, बिलाचा आहे. “मी हाओ तंवर लिहून घ्या,” शेठजी म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघे दुकानाच्या आतल्या खोलीत बसतो. मी वाचतो, मास्तर आपल्या सुरेख वळणात उतरवतात. जुन्या मोडीतल्या नोंदी शेठजी स्वतः लावून देतात. काम पुरे झाले की एक प्रत अंजनेरीला, नाशिकजवळ १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेकडे पाठवायची आहे.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपल्या घरी दोन-चार जुने रुपये पाटावर येतातच. त्यांना चिंच लावून घासू नका. त्यांची झळाळी फार दिवस राहत नाही आणि जुनेपणा कायमचा जातो. ते केवढ्याला जातील हे जवळचा सराफ सांगेल, कोणत्या सालचे ते नाण्यावरच आहे. पण ते कोणाचे, कोणत्या गावाहून आले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवा.

मास्तरांनी आपल्या वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. त्यात सध्या दोनच नोंदी आहेत. दोन्ही हाली रुपये, गाव उमरखेड. बाकीचा रकाना कोरा आहे आणि आश्चर्य म्हणजे त्यांना झोप नीट लागते.